गिटारच्या बाजू वाकवायचा फर्मा: घ्यावा की बनवावा, आणि कसा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सुतारकाम तुम्हाला येतं. एका युकुलेलीच्या बाजू तुम्ही हॉट पाइपवर, म्हणजे तापवलेल्या नळीवर, हाताने वाकवल्या आहेत. आता ओएम आकाराची अकूस्टिक गिटार करायची आहे आणि मागोमाग ड्रेडनॉट, म्हणजे तिच्याहून रुंद पोटाची. बाजू वाकवायचा फर्मा तयार घ्यावा की घरी बनवावा, दोन्ही गिटारना एकच चालेल का, लाकडाचा बरा की धातूचा, उष्णतेसाठी बल्ब वापरावे की सिलिकॉनचं विजेवर तापणारं ब्लँकेट, असं तुम्ही विचारलंय. शिवाय पुढेमागे कटअवे, म्हणजे मानेजवळ एका बाजूला आत घेतलेलं पोट, करायचा विचार आहे.

उत्तर आधी देतो, कारणं मग. फर्मा घरी बनवा. प्रत्येक आकाराला वेगळा बनवा. मरीन प्लायच्या फासळ्या उभ्या करून पोकळ बनवा, ब्लँकेटवर चालणारा. आणि सगळ्यात जास्त वेळ द्या तो कंबरेला. घेर, म्हणजे कंबरेच्या वरचा आणि खालचा फुगीर भाग, एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर निभावून नेता येतं. कंबर चुकली तर पुढचं सगळं काम ती चूक सांभाळत करावं लागतं.

शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून एक सांगून ठेवतो. आपल्याकडे वाद्याचं पोट पट्टी वाकवून बनवायची परंपराच नाही. मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर पंढरपूरकडचा भोपळा आणतात आणि त्या भोपळ्याच्या अंगचा आकारच वाद्याला मिळतो. सारंगी, सरोद एकाच लाकडात कोरतात. त्यामुळे या कामाला मराठीत रुळलेले शब्द नाहीत. चपला-बूट बनवणारे ज्यावर चामडं ताणून बसवतात त्याला फर्मा म्हणतात. इथेही काम तेच आहे, म्हणून मी तोच शब्द वापरतो. फर्मा आतून आकार देतो, पट्टी त्याच्यावर वाकते. साचा ही वेगळी वस्तू. साचा बाहेरून धरतो, वाकलेल्या दोन्ही बाजू त्याच्या आत बसवून ठोकळे आणि लायनिंग (कडेने आतून लावायची बारीक पट्टी) चिकटवायचं. नवीन माणसं बऱ्याचदा फर्म्यावर खूप पैसे घालवतात आणि साचा कसाबसा उरकतात. गिटारचा आकार शेवटी साचा ठरवतो. म्हणून क्रम असा: आधी प्लॅन, प्लॅनवरून साचा, साच्यावरून फर्मा.

स्पेनमधले क्लासिकल गिटारवाले तर फर्माही वापरत नाहीत आणि बाहेरचा साचाही नाही. सोलेरा नावाच्या फळीवर वरची पाटी पालथी ठेवतात, बाजू गरम लोखंडावर हाताने वाकवून रेषेला लावत जातात. आजच्या गिटारचा आकार ज्यांनी घडवला त्या अँतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली. आवाज मुख्यतः वरच्या पाटीतून येतो हे त्यांना दाखवायचं होतं. हे अशासाठी सांगतो की पहिल्या बाजू वाकवताना महागातलं लाकूड घ्यायचा हट्ट धरू नका. बाजूंचं पहिलं काम आकार धरणं, आणि तणाव न ठेवता धरणं.

आता एकच फर्मा दोन्हींना का चालत नाही ते. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीची ओएम १९२९ ची आणि ड्रेडनॉट मुळात १९१६ ची. दोन्ही आकार इतके रूढ झाले आहेत की प्लॅन सहज मिळतात. ओएमचा खालचा घेर ३८१ मि.मी. रुंद, वरचा २८६, कंबर साधारण २४०. ड्रेडनॉटचा खालचा ३९७, वरचा २९२, कंबर २७० ते २७५. घेरांत फार फरक दिसत नाही. पण वरच्या घेरापासून कंबर किती आत जाते ते पाहा: ओएममध्ये एका बाजूला जवळजवळ २३ मि.मी., ड्रेडनॉटमध्ये जेमतेम १०. ओएमची कंबर खरी कंबर आहे, ड्रेडनॉटची नुसती खोलगट जागा. ओएमच्या फर्म्यावर वाकवलेली पट्टी ड्रेडनॉटच्या साच्यात बसवायची म्हणजे कंबर उघडावी लागते, उलट केलं तर दाबावी लागते. दोन्हीत लाकूड जबरदस्तीने धरलं जातं.

कंबरेचा किंवा घेराचा तुकडा बदलून अनेक आकार करता येतात असे फर्मे विकायला येतात. मी दोन वापरून पाहिले. जोडावर पट्टीला बारीकसा पैलू पडतो, हाताला लागतो आणि पॉलिश केल्यावर उजेडात डोळ्यालाही दिसतो. दोन आकारांसाठी प्लायचे दोन फर्मे करायला दोन सुट्ट्या जातात. त्या द्याव्यात.

फर्म्याची रेषा काढताना सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबतो. प्लॅनवरची रेषा गिटारची बाहेरची कड दाखवते. फर्मा त्याच्या आत असतो आणि मध्ये पट्टीची जाडी येते, पट्टीखालचा पत्रा येतो, ब्लँकेट खाली ठेवत असाल तर तेही येतं. पट्टी २.२ मि.मी., पत्रा ०.२५, म्हणजे अडीच मिलिमीटर आत. ब्लँकेट खाली असेल तर त्याचे दीड धरून चार. मी ब्लँकेट पट्टीच्या वर ठेवतो, म्हणून माझे सगळे फर्मे अडीच आत आहेत.

हे अडीच मिलिमीटर सगळीकडे सारखे आत यायला हवेत. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्लॅन ९८ टक्के करून आणला तर तसं होत नाही. लांबीही कमी होते, कंबरेची जागा सरकते आणि खालच्या घेरात जास्त, कंबरेत कमी अशी घट येते. सोपी पद्धत अशी: साच्याची पाटी आधी अचूक कापून घ्या. कागदावर पाटी ठेवा. ज्या वॉशरच्या कड्याची रुंदी अडीच मिलिमीटर आहे असा वॉशर शोधा, पाटीच्या आतल्या कडेला लावून फिरवा, आणि भोकात पेन्सिलीचं टोक कडेकडच्या बाजूला टेकवून रेषा ओढत चला. कागदावर उमटते ती फर्म्याची रेषा. मोजपट्टीने ठिपके काढून जोडण्यापेक्षा ही रेषा कितीतरी गुळगुळीत येते.

त्या रेषेत मी एकच बदल करतो. कंबरेचा तळ दोन मिलिमीटर खोल घेतो आणि दोन्ही टोकांना बाक किंचित जास्त मिटता ठेवतो. लाकूड थंड झाल्यावर थोडं परत उघडतंच. जरा जास्त वाकलेली पट्टी साच्यात बोटाच्या दाबाने जागेवर येते. कमी वाकलेली पट्टी स्क्रूने दाबून बसवली तरी तो ताण तिच्यात तसाच राहतो, त्या ताणासकट वरची पाटी चिकटते, आणि पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी काय किंवा जुलैच्या ओल्या हवेत काय, तो कुठून तरी बाहेर पडायला बघतो. कंबरेपाशी लायनिंग सुटलेल्या गिटार माझ्याकडे दुरुस्तीला येतात. बाजू सोडवली की ती आपोआप दोन-तीन मिलिमीटर बाहेर उडते, म्हणजे मूळ दुखणं काय होतं ते कळतं.

फर्म्याची लांबी मध्यरेषेच्या पलीकडे दोन्ही टोकांना निदान २५ मि.मी. जास्त ठेवा. पट्टीची शेवटची दोन बोटं नीट वाकत नाहीत. ती पुढे कापून टाकायची असतात, पण त्यासाठी फर्मा तिथवर पोचलेला हवा. प्लॅनवरून दोरा फिरवून अर्ध्या परिघाची लांबी काढा, दोन्हीकडे हे वाढीव धरा. ओएमला ८०० मि.मी.च्या आसपास येईल.

आता बनावट. भरीव फर्मा म्हणजे १८ मि.मी.च्या आठ पाट्या एकमेकींना चिकटवलेल्या, १४४ मि.मी. रुंद. मजबूत असतो, पण वाफेला वाट नसते. पट्टीखालचं पाणी प्लायमध्ये मुरतं, दुसरी बाजू वाकवताना फर्मा ओला असतो आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या कोरड्या होतात. दुसरा प्रकार दोन पाट्या आणि मध्ये आडव्या नळ्या. हा बल्बसाठी उत्तम, कारण आतून हवा खेळते. पण नळ्यांमधलं अंतर जास्त झालं की पट्टीवर लांबीभर पैलू पडतात. मी यांच्या मधला मार्ग घेतो: पाच फासळ्या, प्रत्येकी १८ मि.मी., आणि त्यांच्यामध्ये १५ मि.मी.च्या चार मोकळ्या जागा. पाच अठरे नव्वद आणि चार पंधरा साठ, एकूण १५०. रेषा लांबीभर अखंड राहते, वाफ फटींतून खाली जाते आणि फर्मा एका हाताने उचलता येतो.

प्लाय घेताना ७१० चा शिक्का बघून घ्या. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. उकळत्या पाण्याला टिकणारा गोंद त्यात असतो. ३०३ चा साधा प्लाय दहा-बारा वेळा वाफ लागली की थर सोडायला लागतो. एमडीएफ घेऊ नका. कडा फुगतात आणि तापल्यावर डोळे चुरचुरतात, कारण त्यातलं फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं. ॲल्युमिनियमचे फर्मे छान असतात, वर्षानुवर्षं हलत नाहीत, पण ते उष्णता ओढून घेतात. रोज गिटार बनवणाऱ्या कारखान्याला ते परवडतात. वर्षाला चार-पाच गिटार करणाऱ्याला प्लाय पुरतो. माझा ओएमचा फर्मा अकरा वर्षांचा आहे.

पाचही फासळ्या एकाच पाटीवरून राउटरने कापा, एकत्र बांधा आणि मग गुण्या घेऊन सगळ्या लांबीत, हातभर अंतरावर नव्हे, बोटभर अंतरावर तपासा. हे सांगायला मला एक प्रसंग कारणीभूत आहे. सुरुवातीला मी एका विक्रेत्याकडून तयार फर्मा घेतला होता. दिसायला सुबक, वार्निश केलेला. पहिल्या दोन्ही बाजू शिसवीच्या, छान वाकल्या, जळकट डाग नाही, तडा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काढून काचेच्या टेबलावर उभ्या ठेवल्या तर दोन्हींचा एकेक कोपरा उचललेला. बोटाने दाबला की दुसरा कोपरा वर यायचा. फटीत तीन मिलिमीटरचा ड्रिल बिट जात होता. गुण्या लावला तेव्हा कळलं की फर्म्याची कंबर आडवी सरळ नव्हती, एका कडेला जरा जास्त खोल होती. बाजूला पीळ बसला होता आणि वाकलेल्या लाकडातला पीळ काढणं फार कठीण. हॉट पाइपवर दोन दिवस घालवले, एक बाजू सुधारली, दुसरी कंबरेतच गेली. त्यामुळे तुम्ही तयार फर्मा घेतलाच तर वार्निश पाहू नका. गुण्या लावा, प्लॅनचा कागद कापून कंबरेत बसवून पाहा, आणि विकणाऱ्याला विचारा की रेषा बाहेरच्या कडेची आहे की आत घेतलेली. त्याला हा प्रश्न कळला नाही तर फर्मा परत ठेवा.

कंबर दाबायचा ठोकळा हा फर्म्याचाच भाग समजा. पुष्कळ जण फर्मा अचूक करतात आणि ठोकळा फर्म्याच्याच रेषेवरून कापतात. मग तो बसत नाही. फर्म्याची खोलगट रेषा आणि ठोकळ्याची फुगीर रेषा यांच्यामध्ये पत्रा, पट्टी, ब्लँकेट आणि वरचा पत्रा असे मिळून चार-सव्वाचार मिलिमीटर असतात. ठोकळ्याची त्रिज्या फर्म्याच्या कंबरेच्या त्रिज्येपेक्षा तेवढीच कमी हवी. मोठी राहिली तर ठोकळा कंबरेच्या दोन्ही खांद्यांवर टेकतो आणि तळात पोकळी राहते. स्क्रू घट्ट झालेला असतो, आपल्याला वाटतं बसली, आणि पट्टी तळाला लागलेलीच नसते. तळात पांढरा खडू लावून सुक्या पत्र्याने एकदा दाबून बघा. पत्र्याला खडू लागला नाही तर ठोकळा कानशीने कमी करा.

पत्रे दोन लागतात, एक पट्टीच्या खाली, एक वर, ०.२५ मि.मी. जाडीचे, रुंदीला १५० आणि लांबीला पट्टीपेक्षा हातभर जास्त. दोन का, ते समजून घेतलं तर पुढे हात आपोआप बरोबर चालतो. वाकवताना पट्टीचं एक अंग ताणलं जातं, दुसरं दबतं. गरम ओलं लाकूड दाबाला भरपूर जागा देतं, ताणाला फार थोडी. ताण किती येईल याचं गणित सोपं आहे: पट्टीची जाडी भागिले बाकाच्या त्रिज्येची दुप्पट. २ मि.मी.ची पट्टी १०० मि.मी. त्रिज्येवर वाकवली तर बाहेरचे तंतू एक टक्का ताणले जातात, ५० वर दोन टक्के. दोनच्या पुढे जिवावरचं काम. घेरांवर हा ताण पट्टीच्या वरच्या अंगाला येतो आणि कंबरेत बाक उलटा असल्यामुळे खालच्या अंगाला. म्हणून पत्रा दोन्हीकडून हवा. जिथे ताण आहे तिथे पत्रा घट्ट बसलेला असेल तर ढलपी उचलत नाही. मी स्टेनलेसचे पत्रे वापरतो, कारण साध्या पोलादाचा पत्रा ओल्या लाकडाला लागला की टॅनिनमुळे निळे-काळे डाग पडतात. मेपलवर असा डाग पडला की तो पुढे उठून दिसत राहतो. साधा पत्रा असेल तर पट्टी आधी खाकी कागदात गुंडाळा.

बल्बची पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स फॉक्स यांनी सत्तरच्या दशकात रूढ केली. पोकळ फर्म्यात दीडशे-दोनशे वॉटचे तीन बल्ब, वरून कंबरेचा स्क्रू, बाजूने घेर ओढणाऱ्या स्प्रिंगा. आजही ते यंत्र त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. काम उत्तम होतं. पण तापायला वेळ लागतो, बल्बच्या जवळचा भाग जास्त तापतो आणि आता एवढ्या वॉटचे पिवळे बल्ब शोधत फिरावं लागतं. ब्लँकेट सगळीकडे सारखं तापतं आणि पाच-सात मिनिटांत तयार होतं. नव्याने सुरुवात करताना ब्लँकेटच घ्या.

मात्र ब्लँकेट घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. परदेशातून येणारी बरीच ब्लँकेटं ११५ व्होल्टची असतात. आपल्या २३० वर ते लावलं तर विजेची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. हजार वॉटचं ब्लँकेट चार हजार वॉट ओढायला बघेल आणि पट्टीसकट जळेल. २३० व्होल्टचंच मागवा, चौरस इंचाला ५ वॉटचं. ६ बाय ३२ इंचाला ९६० वॉट होतात, घरच्या जोडणीला सव्वाचार अँपिअर म्हणजे काहीच नाही. १० वॉटचंही मिळतं. ते इतक्या झपाट्याने तापतं की लाकूड आतपर्यंत मऊ व्हायच्या आधी वरून करपतं. तापमान धरणारा पीआयडी कंट्रोलर आणि ते मोजणारा थर्मोकपल हवाच, मुंबईत लोहार चाळीत दोन्ही मिळतील. थर्मोकपलचं टोक पट्टी आणि ब्लँकेटच्या मध्ये, कंबरेजवळ. आणि पाणी फवारत विजेवर काम करायचं आहे, तेव्हा ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारं बटण, लावल्याशिवाय ब्लँकेट चालू करू नका. ही एक गोष्ट मी शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी बजावतो.

वाकवण्याची पद्धत फर्म्याशी जोडलेली आहे म्हणून सांगतो. शिसवी २.० ते २.२ मि.मी., लाटा असलेलं मेपल १.९ पर्यंत रंधून एकसारखं करा. जाडी एका जागी ०.२ नेसुद्धा कमी असेल तर बाक तिथेच येतो. लाकडाच्या रेषा सरळ आणि उभ्या असलेली पट्टी निवडा. रेषा कडेतून बाहेर पळत असतील तिथे ढलपी निघणार. दोन्ही अंगांना पाणी फवारा, भिजत ठेवू नका, फार प्यायलेली पट्टी आडवी वाटीसारखी होते. पत्रा, कागदात गुंडाळलेली पट्टी, ब्लँकेट, पत्रा असं रचून फर्म्यावर मध्यखुणेला खूण लावून धरा. कंबर पट्टीच्या कुठे येणार त्याची खूण आधीच केलेली हवी.

तापमान १०० च्या पुढे जाऊन कडांतून वाफ निघायला लागली की कंबरेचा स्क्रू फिरवा, अर्धा फेरा, थांबा, पुन्हा अर्धा. सुरुवातीला स्क्रू जड जातो. मग एक क्षण असा येतो की रेटा एकदम हलका होतो, पट्टी आपल्याबरोबर यायला लागते. लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा घटक, मऊ झालं. शिसवीचा तो गोडसर वास तेव्हाच सुटतो आणि कागदाला जांभळट रंग उतरतो. कंबर पूर्ण बसवू नका, बोटभर वर ठेवा. खालचा घेर ओढा, मग वरचा, आणि शेवटी कंबर तळाला टेकवा. कंबर आधी पूर्ण आवळली तर घेर ओढताना तिथली पट्टी सरकू शकत नाही आणि ताण नको तिथे साठतो. सगळं बसलं की १५० ते १६० वर दहा मिनिटं ठेवा. बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. मग पुन्हा १२० पर्यंत दहा मिनिटं तापवून उरलेलं पाणी घालवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. घाई नेमकी इथेच नडते. तासाभरात काढलेली पट्टी दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही इतकी उघडते.

प्रत्येक पट्टीवर खडूने तीन खुणा करा: बाहेरचं अंग, वरच्या पाटीकडची कड, मानेकडचं टोक. माझ्या चौथ्या गिटारच्या वेळी मी पट्ट्या आधीच निमुळत्या कापल्या होत्या, मानेकडे कमी रुंदी, शेपटाकडे जास्त. खुणा न करता वाकवल्या आणि दोन्ही डाव्या बाजू तयार झाल्या. तेव्हापासून आयताकृती पट्टीच वाकवतो, निमुळती नंतर करतो.

पहिली पट्टी गिटारची नको. त्याच जाडीची, सरळ रेषांची स्वस्तातली पट्टी घ्या आणि पूर्ण क्रम करा. सकाळी साच्यात ठेवून बघा. कंबरेपाशी फट तीन मिलिमीटरच्या आत असेल आणि बोटाने मिटत असेल तर फर्मा बरोबर आहे. फट त्याहून जास्त असेल तर आधी ठोकळ्याचा खडू पुन्हा तपासा, मग थंड करायचा वेळ, आणि दोन्ही ठीक असतील तरच फर्म्याची रेषा बदला. तुमचा हॉट पाइप विकू नका. फर्म्यातून आलेल्या बाजूला शेवटचा एखादा मिलिमीटर त्याच्यावरच द्यावा लागतो, दर वेळी.

लाकूड कोणतं, तर सुरुवातीला आपली शिसवीच घ्या. मार्टिनने १९६९ मध्ये ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाल्यावर भारतातली वापरायला सुरुवात केली आणि ती आजतागायत चालू आहे. ती उष्णतेला लवकर मऊ होते आणि दिलेला बाक धरून ठेवते. मेपल दिसतं साधं, पण लाटांच्या जागी तंतू आडवे फुटतात. ते दुसऱ्या-तिसऱ्या गिटारला.

आणि कटअवे. गोल कटअवेचा बाक बाकीच्या गिटारपेक्षा कितीतरी लहान त्रिज्येचा असतो. वरचं गणित लावून पाहा, २.२ ची पट्टी ५० वर नेली तर ताण २.२ टक्के होतो, म्हणजे पट्टी १.८ पर्यंत उतरवावी लागते आणि तरी ती ओएमच्या फर्म्यावर होत नाही. त्याला वेगळा फर्मा लागतो, कटअवेच्या खोलगटीत दाबायला वेगळा ठोकळा लागतो, आणि तो फक्त एकाच बाजूला, दुसरी बाजू नेहमीच्या फर्म्यावर. साध्या ओएमच्या दोन जोड्या हातून नीट वाकल्याशिवाय तो फर्मा कापायला घेऊ नका. कटअवे आत्ताच हवा असेल तर टोकदार करा. त्याचा कोन दोन तुकडे जोडून होतो, खोलगट तुकडा तुमच्या हॉट पाइपवर वाकवता येतो आणि युकुलेलीची कंबर वाकवलेल्या हाताला तो जमेल.